दुधाचा तांब्या: सत्तरी तालुक्यातल्या एका क्षयरुग्णाचं प्रकरण

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरचं हे प्रकरण. गावाचं नाव देणार नाही. रुग्णाचं वय, घरातली माणसं, असे एकदोन तपशील मुद्दाम बदललेत. का, ते वाचता वाचता कळेल.

मी निवृत्त मराठी प्राथमिक शिक्षिका. आरोग्य केंद्राच्या कागदोपत्री माझी ओळख ‘उपचार सहायक’. पेशंटच्या गोळ्या रोज पोटात जातात की नाही ते बघायचं, थुंकी तपासायची तारीख आली की आठवण करायची, उलट्या होऊ लागल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच केंद्रावर कळवायचं. उपचार पूर्ण झाला की सरकार हजार रुपये देतं. गोव्यात इतर राज्यांसारख्या आशाताई नाहीत, त्यामुळे नर्सबाई, अंगणवाडी सेविका आणि माझ्यासारखी पेन्शनवर बसलेली माणसं यांच्यावरच हा गाडा चालतो.

आजवर सात पेशंट सांभाळले. सहाजणांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, बरे झाले. सातव्यात मी चुकले, म्हणून त्याच्याबद्दल लिहिते आहे.

ड्रायव्हर

त्याला ड्रायव्हरच म्हणते. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली होता, त्यामुळे अरेतुरे. खाणीवर टिपर चालवायचा. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. टिपर विकला, कर्ज राहिलं. मग एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीचा वॉचमन. देवळातल्या भजनी मंडळात मात्र पखवाज त्याचाच. दर सोमवारी रात्री त्याची थाप आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायची.

२०२२ ची गणेशचवथ झाली आणि खोकला धरला तो सुटेना. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की खाणीची धूळ आहे, बाहेर पडतेय. सप्टेंबर अख्खा कफ सिरपच्या बाटल्यांत गेला. ऑक्टोबरात त्याने कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलेलं मला दिसलं. तेव्हा म्हटलं, थुंकी तपासून ये.

थुंकी ट्रूनॅटवर तपासली. हे यंत्र बनवणारी मोलबायो कंपनी गोव्यातलीच, हे मी वाड्यावर दहा जणांना सांगितलंय. काही तासांत रिपोर्ट आला: क्षयाचे जंतू आहेत, पण रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणारे आहेत. पाठोपाठ रक्तातली साखरही तपासली, तशी पद्धतच आहे, कारण मधुमेह असला की क्षय होण्याची शक्यता दुपटी-तिपटीने वाढते. साखर भलतीच वर होती आणि त्याला तिचा पत्ताही नव्हता. यात नवल नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची देशभरची मधुमेहाची पाहणी २०२३ मध्ये छापून आली, त्यात गोवा पहिला: २६.४ टक्के. इथे क्षयाचा बंदोबस्त करायचा तर साखरेचाही करावा लागतो.

वजन ४६ किलो, म्हणून रोज तीन गोळ्या. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन औषधं. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली आणि त्याची बायको धावत माझ्याकडे आली. रिफाम्पिसिनमुळे तसं होतंच, हे मी आधी सांगायला हवं होतं. सहा घरी सांगितलेली गोष्ट सातव्या घरी सांगायची राहते.

पहिले दोन महिने पेशंट सहसा त्रास देत नाही. तो भ्यालेला असतो. डिसेंबरच्या मध्याला थुंकी स्वच्छ आली, वजन तीन किलो वाढलं, खोकला गेला, साखर उतरणीला लागली. काळजीचा काळ त्यानंतर सुरू होतो. माणसाला बरं वाटतं आणि गोळ्या मात्र चार महिन्यांच्या उरलेल्या असतात.

फोटो

त्याच सुमाराला पोषण किटचा कार्यक्रम ठरला. ९ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रपतींनी टीबीमुक्त भारत अभियान सुरू केलं, त्यात ‘निक्षय मित्र’ अशी सोय आहे. कुणीही व्यक्ती, संस्था, कंपनी क्षयरुग्णाला किमान सहा महिने धान्य देऊ शकते. महिन्याला तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, आणि दूध पावडर किंवा शेंगदाणे. वर्तमानपत्रं याला ‘रुग्ण दत्तक घेणे’ म्हणतात. लग्नाची मुलगी घरात असलेला बाप्या कुणाला दत्तक जातो? पण शब्द रुळलाय.

आमच्या भागातल्या एका दात्याने पाच रुग्ण घेतले. ड्रायव्हर यायला तयार नव्हता. ‘किट घरी पाठवा’ म्हणाला. मीच म्हटलं, अरे, माणसं स्वतःच्या खिशातून देतायत, पाच मिनिटं येऊन बस. बाईंचा शब्द म्हणून आला.

सभागृहात प्लॅस्टिकच्या पाच खुर्च्या ओळीने मांडलेल्या. मांडीवर दात्याचं नाव छापलेली पिशवी. मागे आम्ही उभे, मी डावीकडून दुसरी. पाचही जणांनी मास्क लावले होते. फोटो काढणारा म्हणाला, ‘मास्क जरा खाली घ्या, चेहरे दिसू देत.’ चौघांनी घेतले. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ती मान मी का हलवली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तीस-पस्तीस वर्षं शाळेत फोटोसाठी मुलांना सरळ बसवलं, ती सवय असेल.

तासाभरात फोटो वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. खाली ओळ: ‘क्षयरुग्णांना पोषण आहार किटचे वाटप’. कुणी हात जोडले, कुणी फुलं टाकली. एकाने कोंकणीत लिहिलं, ‘हो आमचोच न्हय?’ हा आपलाच ना? पुढे कुणी काही लिहिलं नाही.

घरी जाऊन कुणी बोललं नाही की भांडलं नाही. सोमवारी तो देवळात गेला तर पखवाजावर दुसरा मुलगा बसलेला. ‘तू विश्रांती घे, बरा हो आधी,’ म्हणाले. भजन संपल्यावर सगळ्यांना काचेच्या ग्लासातून चहा, त्याला कागदी कपात. थुंकी स्वच्छ आलेला, दोन महिने औषध घेतलेला माणूस चहाच्या ग्लासातून कुणाला क्षय देत नाही. मुळात हा रोग उष्ट्याने पसरतच नाही, हवेतून पसरतो. मी हे शाळेच्या फळ्यावर लिहून दाखवलंय. पण कागदी कप पुढे करणारा माझाच विद्यार्थी.

मुलीचं पेडण्याकडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मध्यस्थाचा निरोप आला, मुलाला परदेशी जायचंय, एक वर्ष थांबू. क्षयाचं नावही निघालं नाही.

मी रोज सकाळी फाटकाशी जायचे, ‘घेतल्यास?’ विचारायचे. ‘घेतल्या बाई.’ फाटक उघडत नव्हता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या बायकोने चहाला आत बोलावलं. खिडकीच्या गजाला रबर लावून गोळ्यांच्या पट्ट्या अडकवलेल्या. वह्या मोजायची सवय, हात आपोआप मोजू लागले. असायला हव्या होत्या त्यापेक्षा सत्तावन्न गोळ्या जास्त. रोजच्या तीन, म्हणजे एकोणीस दिवस.

तो मागच्या दारात उभा होता. म्हणाला, ‘बाई, खोकला गेला, वजन आलं. आता गोळ्या घेतल्या तर मी पेशंट. नाही घेतल्या तर नाही.’

सलग महिनाभर औषध तुटलं की सरकारी नोंदीत ‘लॉस्ट टू फॉलोअप’, म्हणजे उपचारातून गळालेला, असा शेरा पडतो. अकरा दिवस उरले होते.

तिकीट, सॅनिटोरियम, पिशवी

त्या रात्री झोप लागली नाही. क्षयाविरुद्धच्या स्वयंसेवी कामाचं पूर्वीपासून थोडंफार वाचलेलं होतं, ते उलटंसुलटं आठवत राहिलं. या कामात आपण पहिल्यापासूनच पेशंटला असं उघड्यावर बसवत आलो का? आठवून पाहिलं तर तसं नाही.

सुरुवात पैशांच्या चणचणीने झाली. रॉबर्ट कॉखने १८८२ च्या २४ मार्चला बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, पण औषध यायला पुढे साठ वर्षं लागली. मधल्या काळात होतं काय, तर मोकळी हवा, दूध, अंडी आणि विश्रांती. तेही श्रीमंतांना. गरिबांसाठी कुणीतरी पैसे गोळा करायला हवे होते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लॉरेन्स फ्लिक या डॉक्टरने १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यासाठी एक संस्था काढली. तीत डॉक्टरांबरोबर सामान्य माणसंही होती. फ्लिकला स्वतःला क्षय झालेला होता. पोर्तुगालमध्ये राणी अमेलियाने १८९९ साली क्षयरुग्णांच्या मदतीसाठी राष्ट्रीय संस्था उभी केली. त्या काळी गोवा लिस्बनच्या कारभारात.

मग १९०४. डेन्मार्कमध्ये आयनार होलबोल नावाचा टपाल कर्मचारी. नाताळची पाकिटं छाटता छाटता त्याला सुचलं की प्रत्येक पाकिटावर टपाल तिकिटाशेजारी आणखी एक छोटं तिकीट चिकटवलं, पैशा-दोन पैशांचं, तर आजारी मुलांसाठी केवढी रक्कम उभी राहील. पहिल्याच वर्षी चाळीस लाखांवर तिकिटं खपली. तिकडून ही कल्पना अमेरिकेत गेली. डेलावेअरमधल्या एका लहानशा सॅनिटोरियमला, म्हणजे क्षयरुग्णांना ठेवून घेणाऱ्या आरोग्यधामाला, ३०० डॉलर कमी पडत होते. १९०७ च्या नाताळात एमिली बिसेल या बाईंनी स्वतः तिकिटं काढून विकली आणि ३००० जमवले.

त्या पहिल्या डॅनिश तिकिटावर राणीचं चित्र होतं. अमेरिकेतल्या तिकिटावर पानांची माळ आणि शुभेच्छा. पुढे दुहेरी आडव्या रेघांचा लाल क्रॉस आला, १९०२ च्या बर्लिन परिषदेत क्षयविरोधाची खूण म्हणून सुचवलेला. म्हणजे ज्याने पैसे दिले त्याला पेशंट दिसत नव्हता, आणि पेशंटला देणारा दिसत नव्हता. ते काही त्यांनी मुद्दाम आखलं नसावं. पाकिटावर रोग्याचा चेहरा कोण चिकटवेल? पण त्यामुळे एक आडोसा आपसूक मिळाला.

ब्रिटिश हिंदुस्थानात व्हाइसरॉयची पत्नी लेडी लिनलिथगो यांच्या आवाहनातून निधी जमला आणि १९३९ मध्ये ट्युबरक्युलोसिस असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. आपल्याकडचं असं तिकीट, म्हणजे टीबी सील, १९५० पासूनचं, मोहीम दरवर्षी गांधी जयंतीला सुरू व्हायची. गोवा मात्र १९६१ च्या १९ डिसेंबरपर्यंत यातून बाहेर. मी नोकरीला लागले तेव्हा सीलचे कागद शाळेत येत. मुलांकडून सुटे पैसे गोळा करून मी ते विकले आहेत. पोरं कंपास पेटीवर चिकटवायची. टीबी म्हणजे काय हे एकालाही ठाऊक नव्हतं, आणि वर्गात ज्याच्या आईला तो होता तो मुलगाही इतरांसारखंच तिकीट चिकटवून मोकळा व्हायचा.

दुसरा आडोसा सॅनिटोरियमचा. पणजीत सांतिनेजला टीबीचं हॉस्पिटल होतं. ऐपत असलेले घाट चढून मिरजेजवळच्या वॉनलेसवाडीला जात. आमच्या आजीच्या तोंडी ‘तो मिरजेला गेलाय’ हे वाक्य आवाज खाली आणून यायचं, आणि पुढे कुणी विचारत नसे. पुष्कळसे परत येत नसत. त्या दिवसांचं कौतुक नको.

मग औषधं आली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड. आणि १९५६ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या क्षयाच्या संशोधन केंद्राने साधा प्रश्न विचारला: गोळ्याच जर रोग बरा करतात, तर खाट कशाला? शहरातल्या गरीब वस्तीतले १९३ पेशंट घेतले. काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना दाटीवाटीच्या घरीच. घरी राहिलेल्यांना ना तितकी विश्रांती, ना तितकं अन्न. तरी वर्षाच्या शेवटी दोन्हीकडचे जवळजवळ सारखेच बरे झालेले, आणि घरच्यांना लागण जास्त झाली असंही नाही. १९५९ मध्ये हे छापून आलं आणि जगभरची सॅनिटोरियमं हळूहळू ओस पडली. आपल्या गरीब देशाने जगाला दिलेलं हे मोठं देणं आहे, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळही नाही.

पण मद्रासच्या लोकांना एक गोष्ट तेव्हाच ठाऊक होती. ते पेशंटच्या घरी न सांगता जात, गोळ्या मोजत, लघवी तपासत. पेशंट घरी आला की गोळी गिळली की नाही हे बघणारं कुणीतरी त्याच्या दारात जावं लागणार. तिथून आमची जात जन्माला आली. पुढे १९९७ पासून डॉट्स, म्हणजे कुणाच्या तरी नजरेसमोर गोळ्या द्यायची पद्धत, देशभर पसरू लागलं, २००६ पर्यंत सगळा देश त्यात आला. तेव्हा आठवड्यातून तीनदा गोळ्या असत, आणि पेशंटच्या नावाची खोकी अंगणवाडीत ठेवलेली असत. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्या दिवशी अंगणवाडीत गेलेला मोठा माणूस कशाला गेला हे शेंबड्या पोरालाही कळायचं. २०१७ पासून रोजच्या गोळ्या घरी आल्या, बरं झालं.

आणि आता पिशवी. तिला नावं ठेवायची नाहीत, कारण अन्नाने फरक पडतो हे झारखंडमधल्या मोठ्या चाचणीने दाखवलं. २०२३ मध्ये निकाल आला: रुग्णाबरोबर घरच्यांनाही धान्य दिलं तर त्यांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटलं. म्हणजे पिशवी हवीच. पण तिकिटाच्या दिवसांत देणारा आणि घेणारा एका चौकटीत कधी आले नव्हते. आम्ही त्यांना शेजारी शेजारी बसवलं आणि वर मास्क काढायला लावला.

संमतीचा फॉर्म मी नंतर काढून वाचला. मदत घ्यायला संमती आहे का, एवढंच. त्याने त्यावर सही केली होती. फोटोबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तांब्या

सुपरवायझरना मी दुसऱ्या दिवशी सगळं कळवलं, माझ्या मानेसकट. फक्त एक विनंती केली की त्याच्या दारात गाडी आणू नका. आणली नाही, हे त्यांचं मोठेपण. बाजाराच्या दिवशी तो कदंबच्या बसने इतरांसारखा गेला, केंद्रावर थुंकी देऊन आला. स्वच्छ होती. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत सापडला, गोळ्या आहेत तशाच पुढे चालू, बुडलेले एकोणीस दिवस शेवटी जोडू.

राहिला प्रश्न रोजचा. मी त्याच्या फाटकाशी जाणं म्हणजे पाटी लावण्यासारखंच होतं. फोनवर विचारलं तर ‘घेतल्या’ म्हणायला त्याला काय लागतं? त्याच्या बायकोनेच तोड काढली. आमच्याकडे एक गाय आहे. वाड्यावरची तीनचार घरं सकाळी दुधाला येतात. तिने दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला पितळी तांब्या देऊन पाठवला.

सकाळी साडेसहाला तो यायचा. गोळ्या माझ्या फडताळात, हळदीच्या डब्यामागे. उपाशीपोटी तीन गोळ्या, मग मी दूध काढून येईपर्यंत तो पडवीत बसायचा, तांब्या भरून निघायचा. पहिले काही दिवस गप्प असायचा. एकदा म्हणाला, ‘बाई, त्या फोटोत तुम्ही हसताय.’ मी फोटो पुन्हा पाहिला. हसत होते.

किटही माझ्याकडे उतरवून घेऊ लागले. छापील पिशवीतून सामान काढून माझ्या बाजारहाटाच्या पिशवीत भरायचं आणि काळोख पडल्यावर त्याच्या मागच्या दारी. दात्याला मी फोनवर सांगितलं, यापुढे फोटो मिळणार नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, वर दाखवायला काहीतरी लागतं हो. मग पावतीवर सही घेऊन भागवलं. धान्य बंद केलं नाही, तेवढं त्यांच्या पदरात घालायलाच हवं.

मार्चमध्ये काजू लागला, उर्राक ही काजूची दारू आली, आणि त्याच्याबरोबर माझी दुसरी धास्ती. या गोळ्यांवर दारू म्हणजे काविळीला आमंत्रण. शिगम्याचे दिवस. मी रोज त्याच्या डोळ्यांत बघायचे. तो ओळखून म्हणायचा, ‘वास घ्या बाई हवा तर.’ घेतली असेल एखाददुसऱ्या रात्री, मला ठाऊक नाही. डोळे पांढरे राहिले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या तीन गोळ्या गिळल्या. वजन ५४. हजार रुपये माझ्या खात्यावर आले, ते मी त्याच्या बायकोच्या हातात ठेवले, ती नको नको म्हणत असताना. पेडण्याच्या स्थळाचं पुन्हा काही ऐकू आलं नाही. पखवाज अजून दुसराच वाजवतो. हा श्रावणात जाऊन मागे टाळ घेऊन बसतो.

केंद्रावर मी लेखी दिलंय की फॉर्ममध्ये फोटोसाठी वेगळा रकाना हवा आणि तो रिकामा सोडला तर ‘नाही’ असं धरावं. फॉर्म वरून येतो, असं उत्तर मिळालं. तोवर आमच्या भागात फोटोत पिशव्या ठेवतो, माणसं ठेवत नाही.

पावसाळा लागला तसा तो दुधाला यायचा बंद झाला. त्यांच्याकडे पिशवीचं दूध लागतं, पहिल्यापासूनच. एकदा विहिरीवर शेजारणीने विचारलंच, ‘बाई, ड्रायव्हराने दूध का हो बंद केलं?’

मी म्हटलं, गाय आटली. मागे गोठ्यात ती हंबरत होती.